ट्रॉमा थेरपी सुरू करताय? आधी एवढं विचारून घ्या

मी ट्रॉमावर थेरपी घेतलीय हे ज्यांना माहितीये त्यांच्याकडून मला सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न येतो, की पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागतं का. आणि विचारणारे बरेच जण या एका भीतीपायी अपॉइंटमेंट घेणं कित्येक वर्षं पुढे ढकलत आलेले असतात. तर नाही, नाही सांगावं लागत. "लहानपणी घरात मारहाण व्हायची, त्याचा त्रास अजून होतो" एवढं एक वाक्य पहिल्या सेशनला पुरतं. कोणी, कसं, किती वेळा, यातलं काहीच त्या दिवशी सांगायची गरज नसते, आणि समोरचा माणूस या कामातला जाणकार असेल तर तोच म्हणेल की आज तपशिलात नको जाऊया, आधी झोप कशी लागते, आत्ता तुम्ही सुरक्षित आहात ना, सोबत कोण आहे, हे बघू.

वेग तुमच्या हातात असला पाहिजे. मला जे सांगायचंय ते मुख्यतः हेच आहे, बाकीचं सगळं त्याच्याच भोवती फिरतं. ट्रॉमा म्हणजे मुळात असा प्रसंग जिथे तुमचं काही चाललं नाही, थांबवता आलं नाही, पळता आलं नाही. मग त्यावरचे उपचारही जर कोणीतरी रेटून, तुम्हाला न विचारता करत असेल तर शरीराला ते पुन्हा तेच वाटणार. म्हणून पहिल्या एक-दोन भेटींतच विचारा, की मध्येच मला सहन होईनासं झालं तर आपण कसं थांबायचं? माझ्या थेरपिस्टने हात वर करायची खूण ठरवली होती, आणि ती नुसती ठरवली नाही तर साध्याच विषयावर बोलत असताना मला ती वापरून बघायला लावली. तेव्हा मला ते जरा पोरकट वाटलं होतं, पण नंतर ज्या दिवशी तोंडातून शब्दच फुटेना त्या दिवशी हात मात्र आपोआप वर गेला.

आता दुसरी बाजूही सांगते कारण ती फारसं कोणी सांगत नाही. जुडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये तीन टप्पे मांडले, आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत आणि आयुष्यात परतणं, आणि बरेच थेरपिस्ट आजही तसंच काम करतात. पण पहिला टप्पा संपतच नाही, महिनोनमहिने नुसते श्वासाचे व्यायाम आणि "या आठवड्यात कसं वाटलं" एवढंच चाललंय, असंही होतं. टाळणं हे ट्रॉमाचं एक मोठं लक्षण आहे, त्यामुळे पेशंटलाही ते बरं वाटतं आणि काउन्सेलरलाही सोपं जातं. आधी स्थिर करण्यात नेमका किती वेळ घालवायचा यावर तज्ज्ञांतच मतभेद आहेत, पण "मूळ गोष्टीवर आपण साधारण कधी काम सुरू करणार" हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्याचं धड उत्तर मिळालं पाहिजे.

पद्धत कुठली वापरणार हेही विचारा, नुसतं "मी ट्रॉमावर काम करते" हे उत्तर पुरेसं नाही. ईएमडीआर (आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग) बहुतेकांनी ऐकलेलं असतं, फ्रान्सिन शपिरो यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत आणली, तिचे ८ टप्पे असतात, आणि आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवणं किंवा टॅपिंग (डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीने हलकं थोपटणं) हे त्यातल्या मधल्या टप्प्यांत येतं, पहिल्या दिवशी नाही. यात सगळं तपशीलवार बोलून दाखवावं लागत नाही, म्हणून ज्यांना शब्दांत सांगणं अशक्य वाटतं त्यांना ही बरी वाटते. डोळ्यांच्या हालचालीनेच फरक पडतो की बाकीच्या प्रक्रियेने यावर वाद आहे, पण उपचार म्हणून ती मान्य आहे. दुसरी पद्धत म्हणजे प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर, एडना फोआ यांची. यात ती आठवण वर्तमानकाळात, मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगायची असते आणि तिचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं असतं. सेशन साधारण ९० मिनिटांचं. ऐकायला भयंकर वाटतं पण खूप लोकांना याने खरंच सुटका मिळालीय. तिसरी सीपीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, पॅट्रिशिया रेसिक यांनी तयार केलेली, साधारण १२ सेशनची, त्यात लिहायचं काम भरपूर असतं आणि सगळा रोख "माझ्यामुळेच झालं", "कोणावरच विश्वास ठेवता येत नाही" अशा मनात रुतून बसलेल्या विचारांवर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी (म्हणजे ट्रॉमानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी, वरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पद्धती याच गटातल्या) आणि ईएमडीआर या दोन्हींचं नाव घेतलंय. एक लक्षात ठेवा, १२ सेशनसारखे हे आकडे बहुतेक एखाद्या ठराविक प्रसंगासाठी असतात. वर्षानुवर्षं चाललेला छळ असेल, लहानपणापासूनचा असेल, तर वेळ जास्त लागू शकतो. आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात त्यासाठी कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं निदानच आहे, त्यामुळे १२ सेशनमध्ये बरं नाही वाटलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

प्रायव्हेट काउन्सेलर निवडताना एक अडचण अशी की बऱ्याच देशांत "काउन्सेलर" ही पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून डिग्री कुठली, नोंदणी आहे का, या पद्धतीचं ट्रेनिंग कुठे आणि किती घेतलं, आणि तुमचं स्वतःचं सुपरव्हिजन चालू आहे का, हे सरळ विचारा. सुपरव्हिजन म्हणजे त्या थेरपिस्टच्या कामावर नजर ठेवणारा दुसरा अनुभवी थेरपिस्ट. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याच्या बाबतीत मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे हॉस्पिटलसारखी टीम नसते आणि काही चुकत असेल तर ते दुसऱ्या कोणाच्या लक्षात येणार नाही. तसंच थेरपिस्टला हेही विचारा, की तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हा माझं काय, रात्री-अपरात्री अगदीच बिघडलं तर मी कोणाला फोन करायचा, औषधांची गरज वाटली तर कुठल्या सायकियाट्रिस्टकडे पाठवता. आधीपासून गोळ्या चालू असतील तर त्या थेरपी सुरू झाली म्हणून परस्पर बंद करायच्या नाहीत, डॉक्टरशी बोलूनच.

पैशाचं बोलायला लाज वाटते पण बोला. सेशन किती मिनिटांचं, आयत्या वेळी रद्द केलं तर फी लागते का (ट्रॉमाच्या थेरपीत सेशनच्या आदल्या रात्री रद्द करावंसं वाटणारच, हे गृहीत धरा), आणि मला फक्त इतक्याच महिन्यांचा खर्च झेपणार असेल तर त्यात काय करता येईल. हे शेवटचं आधीच सांगणं फार गरजेचं आहे. अर्धी आठवण उघडून पैसे संपले म्हणून थांबावं लागणं वाईट. आधी माहिती असेल तर चांगला थेरपिस्ट तेवढ्या वेळात पूर्ण होईल असंच काम हातात घेतो.

गुप्ततेच्या मर्यादा तोंड उघडण्याआधी समजून घ्या. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, एखाद्या मुलावर सध्या अत्याचार होत असेल, किंवा कोर्टाने मागवलं असेल तर थेरपिस्टला माहिती द्यावी लागू शकते, आणि नेमके नियम जागेप्रमाणे बदलतात. नोट्स काय लिहिता, कुठे ठेवता, विचारा. कोर्टात केस चालू असेल किंवा करायचा विचार असेल तर आधी वकिलाशी बोलून घ्या. आणि त्रास देणाऱ्या माणसासोबत तुम्ही आजही राहत असाल तर ते थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा, कारण मग आधीचं काम सुरक्षिततेचं, आठवणींचं नंतर. ऑनलाइन सेशन असेल तर हाच मुद्दा, बाजूच्या खोलीत कोण ऐकतंय?

सुरुवातीला थोडं बिघडू शकतं. सगळ्यांचं बिघडतं असं नाही, पण काही दिवस स्वप्नं वाढणं, चिडचिड, एकदम रडू येणं, अंग जड होणं हे होऊ शकतं. त्यामुळे सेशननंतर लगेच ऑफिसची मीटिंग किंवा लांबचं ड्रायव्हिंग ठेवू नका, जमेल तर तासभर मोकळा ठेवा. सेशनची शेवटची दहा मिनिटं तरी परत शांत होण्यासाठी ठेवतात ना हे बघा, वेळ संपली म्हणून तुम्हाला त्याच अवस्थेत दाराबाहेर सोडलं तर ते बरोबर नाही, आणि एकदा झालं तर बोला, पुन्हा पुन्हा झालं तर दुसरा थेरपिस्ट शोधा. मात्र स्वतःला इजा करावीशी वाटणं, मधला वेळच आठवत नाही असं होणं, जगणं नको वाटणं, हे "थोडं बिघडणं" नाही. पुढच्या सेशनपर्यंत थांबू नका, लगेच थेरपिस्टला, डॉक्टरला किंवा इमर्जन्सीला फोन करा.

आणि काही गोष्टी दिसल्या की उठून यायचं. दोन सेशनमध्ये क्लिअर करून देतो अशी गॅरंटी. तुम्हाला आठवत नसलं तरी नक्की काहीतरी झालेलं असणार, संमोहनाने बाहेर काढू, असा आग्रह, कारण अशाने न घडलेल्या गोष्टींच्या खोट्या आठवणी तयार होऊ शकतात. माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही असा दबाव. न विचारता स्पर्श, आणि लैंगिक स्वरूपाचं काहीही, ते कुठल्याही पद्धतीत उपचार नसतं, कितीही शास्त्रीय शब्दांत सांगितलं तरी. प्रश्न विचारले की चिडणारा थेरपिस्टही मी यातच धरते.

सगळं ठीक असेल तर चार-सहा सेशननंतर दोघांनी मिळून आढावा घ्या. पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली असते, स्कोअर ० ते ८० मध्ये येतो, ती सुरुवातीला आणि मग अधूनमधून भरली तर फरक पडतोय का हे आकड्यात दिसतं. मला स्वतःला याचा फार आधार वाटला, कारण वाईट आठवड्यात आपल्याला वाटतं काहीच बदललं नाही, आणि कागद सांगतो की झोप सुधारलीय.

पहिला मेसेज काय करायचा यावर अडून बसला असाल तर हा कॉपी करा: "नमस्कार, मला जुन्या ट्रॉमावर काम करायचं आहे. तपशील मी भेटल्यावर माझ्या वेगाने सांगेन. तुम्ही कुठली पद्धत वापरता, त्याचं ट्रेनिंग कुठे घेतलंय, आणि ठरवण्याआधी १५ मिनिटं फोनवर बोलता येईल का?" दोन-तीन जणांना एकदम पाठवा. उत्तर वाचून कोणाशी बोलावंसं वाटतं ते कळेलच, आणि ज्यांच्याशी नाही जमणार त्यांना "धन्यवाद, मी दुसरीकडे सुरू करतेय" एवढं कळवलं तरी चालतं, कारण द्यावं लागत नाही.