अर्धवट राहिलेला डोळा

आमच्या जहाजाचा बोसन गेला हे घरी फोनवर सांगितलं, तेव्हा आईने पहिलं विचारलं, "मग समुद्रातच सोडलं का रे त्याला?"

नाही सोडलं. कॅनव्हासमध्ये शिवायचं, पायाशी वजन बांधायचं आणि फळीवरून सोडायचं, हे जहाजावर थंड खोल्या नव्हत्या तेव्हाचं. आता बहुतेक वेळा घरीच पाठवतात. सागरी कामगार करारातली नवी दुरुस्ती डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. देह किंवा अस्थी घरच्यांच्या इच्छेप्रमाणे मायदेशी पोचवायला देशांनी मदत करायची, असं तिच्यात स्पष्ट आहे.

बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या, जुन्या भाषेत सारंग. ब्राझीलमधल्या सांतोसहून रॉटरडॅमला निघून आठवा दिवस होता. दुपारी मागच्या डेकवर तो मुरिंगच्या, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायच्या दोराला नवा डोळा घालत बसला होता. धक्क्यावरच्या खांबात अडकवायचा तो मोठा फास. पेड उलगडून पुन्हा दोरात विणायचे, चांगलं ताकदीचं काम. मध्येच उठला, छातीत दुखतंय म्हणाला.

सेकंड ऑफिसर म्हणून जहाजाचा दवाखाना माझ्याकडे. दवाखाना म्हणजे एक खाट, औषधांचं कपाट आणि सॅटेलाइट फोन. रोमला १९३५ पासून सीआयआरएम नावाची सेवा आहे. तिथले डॉक्टर भर समुद्रातल्या कुठल्याही जहाजाला फोनवर सल्ला देतात, पैसे घेत नाहीत. त्या शांत आवाजाच्या तालावर आम्ही आळीपाळीने त्याची छाती दाबत राहिलो. किती वेळ, ते नंतर लॉगबुक बघून कळलं. पन्नास मिनिटं. डॉक्टर "आता थांबा" म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही. कॅप्टनने माझे हात धरून बाजूला केले.

लॉगबुकात मृत्यूच्या ठिकाणी अक्षांश-रेखांश लिहिले. मग त्याच्या सामानाची यादी. कॅप्टनने ती साक्षीदारांसमोर करायची असते. बॉयलरसूट तीन, चष्मे दोन, घड्याळ एक. खालच्या खणात दोराचे तुकडे निघाले, कॅडेट मुलांनी शिकताना केलेल्या वाकड्यातिकड्या गाठी. त्याने त्या का ठेवल्या होत्या देव जाणे. कॅप्टनने विचारलं, "हेही लिहायचं?" चीफ ऑफिसर म्हणाला, "लिहा." दोराचे तुकडे, चौदा.

कुकने एक थंड खोली रिकामी करून दिली. त्यानंतर रोज सकाळी कामाला लागण्याआधी तो त्या दारावर दोनदा टकटक करायचा. त्याला कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे मागच्या डेकवर जमलो. झेंडा अर्ध्यावर आणताना आधी पूर्ण वर न्यायचा, मग खाली घ्यायचा, अशी रीत आहे. जहाजाची नोंदणी मार्शल आयलंड्सची, म्हणून झेंडाही तिथलाच. त्या देशात आमच्यापैकी कोणी पाऊलही ठेवलेलं नव्हतं, बोसननेही नाही. सर्वात धाकट्या कॅडेटने घंटेचे आठ टोल दिले, दोन-दोनच्या जोडीने. जहाजावर पूर्वी दर अर्ध्या तासाला घंटा व्हायची, आठ टोल म्हणजे चार तासांची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपली. कोणी गेलं की तेच आठ टोल. कॅप्टनने दोन ओळी वाचल्या, घसा खाकरला आणि सगळ्यांना कामावर पाठवलं.

तो दोर तसाच पडून होता. पाच फेऱ्यांपैकी तीन झालेल्या. पेड उघडायचा टोकदार स्पाइक त्यातच खुपसलेला. खलाशी त्याला वळसा घालून जात. पण कॅनरी बेटांवरच्या लास पालमासला जहाज वळवलं होतं, बोसनला तिथे उतरवायचं होतं, आणि बांधायला दोर हवाच होता. शेवटी मी बसलो. त्याच्या फेऱ्या इतक्या घट्ट की नखही शिरत नव्हतं. माझ्या दोन फुगीर झाल्या. मी कॅडेट असताना त्याने अशा माझ्याकडून उसवून घेतल्या असत्या.

पाचव्या दिवशी लास पालमासच्या धक्क्यावरच्या माणसाने तोच डोळा खांबावर टाकला. दोर ओढणाऱ्या विंचने ताण घेतला, दोर करकरला आणि धरून राहिला. गाडी खालीच उभी होती.

रॉटरडॅमलाही तोच दोर वापरला. बदलायचा का, असं चीफ दर बंदरात विचारतो. मी म्हणतो, अजून चालेल.