साक्षगंधातलं झिंग्याचं सूप

साक्षगंध म्हणजे साखरपुडा. पाहुणे रत्नागिरीकडचे, गाव भंडाऱ्यातल्या पवनी तालुक्यातलं आणि फर्माईश क्रीमवाल्या कोळंबीच्या सूपची. माणसं चाळीस, म्हणजे आठ लिटर. समुद्राचा माल इथवर येईतो शिळा होतो, म्हणून आम्ही तलावातला निळ्या नांगीचा मोठा झिंगा सांगितला होता.

सकाळी दोन क्रेट आले, आठ किलो. एकात बर्फ होता, दुसऱ्यात नुसता ओला बारदाना. "रातचाच माल आहे भाऊ, दोन्ही एकच," आणणारा म्हणाला. रातचा असेलही, पण बिनबर्फाच्या झिंग्यांची डोकी मानेपाशी सैल झाली होती. गोड्या पाण्याच्या झिंग्याचं हेच दुखणं. डोक्यातला पाचकरस मासात उतरतो आणि शिजल्यावर मास पिठाळ लागतं. असे दोनेक किलो बाजूला काढले. उरलेल्यांची डोकी तिथंच तोडून शेपट्या बर्फात टाकल्या. सोलून मास निघालं अडीच किलो. या झिंग्यात निम्म्याहून जास्त वजन डोक्याचं आणि नांग्यांचंच, हिशोब आधीच तसा धरावा.

खरी चव टरफलात. डोळ्यांमागची काळी पिशवी काढून डोकी ठेचली, पाव किलो लोण्यात टरफलांसकट नारिंगी होईतो परतली. कांदा, गाजर, अर्धा किलो टमाटर आणि नऊ लिटर पाणी. उकळी मंद, पंचवीस मिनिटं, मग लगेच फडक्यातून गाळायचं. जास्त उकळलं की कडवट होतं. तलावाच्या झिंग्याला समुद्राची खारट चव नसते, म्हणून बाजारातले सुके झिंगे मूठभर भाजून त्यातच टाकले. कोकणातल्या पाहुण्यांना सूप ओळखीचं वाटलं ते बहुधा त्यामुळंच.

दाटपणाला मैदा नाही, भात. फ्रेंच लोक बिस्कला, म्हणजे टरफलांच्या अशाच क्रीमवाल्या सूपला, जुन्या पद्धतीनं तांदूळच घालतात, आणि भंडाऱ्यात कणकीला, म्हणजे तुकडा तांदळाला, काय तोटा! चारशे ग्रॅम कणकी त्याच पाण्यात गाळ शिजवली. मिक्सर लावणार तोच लाइट गेली. घरातलं पुरणयंत्र मागवलं आणि अख्खा गंज (मोठं पातेलं) त्यातून फिरवला. पाऊण तास गेला, पण मिक्सरमध्ये भाताला येणारा चिकट ताण यात आला नाही.

क्रीम एक लिटर, पंचवीस टक्के फॅटचं. ते थेट उकळत्या गंजात ओतलं तर टमाटराच्या आंबटपणानं फाटतं. आधी वाटीभर गरम सूप क्रीममध्ये फेटायचं, गंज भट्टीवरून उतरवायचा, मग एकत्र करायचं. पुन्हा उकळी नाही. भातामुळं फाटण्याचा धोका थोडा कमी होतो, पण त्यावर विसंबू नये. शेपट्यांचे तुकडे वेगळ्या कढईत लोण्यावर दोन-तीन मिनिटं परतले. आतून पांढरे झाले की उतरवायचे, पुढं रबर. वाढताना वाटीत आधी मास, वरून सूप, मिरपूड, थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर.

दुसऱ्या पंगतीपर्यंत भात फुगून सूप खिरीसारखं झालं. त्यासाठी लिटरभर गाळलेलं पाणी वेगळं राखलं होतं, तेच गरम करून घातलं. साधं पाणी घातलं असतं तर चव गेली असती.