आईला घेऊन संत सिसिलियाच्या कबरीपाशी

रोमला जायचं ठरलं तेव्हा आईची मागणी एकच होती. वसईत आमच्या चर्चच्या गायकवृंदात ती चाळीस वर्षं गातेय, आणि संत सिसिलिया ही गाणाऱ्यांची आश्रयदाती. "पोप लांबून दिसले तरी चालतील, बाय. पण सिसिलियाला जिथं पुरलं ती जागा मला बघायचीय."

ती जागा म्हणजे आपिया या जुन्या रोमन रस्त्यावरचं संत कॅलिस्टसचं कॅटाकॉम्ब, भुयारी कबरस्थान. बुधवारी सकाळी पोपचं दर्शन आणि दुपारी कॅटाकॉम्ब असं आमच्या टूरवाल्याने छापून दिलं होतं. ११८ नंबरच्या बसने पोहोचलो तर फाटक बंद! हे कॅटाकॉम्ब बुधवारीच बंद असतं. जवळचं डोमितिलाचं मंगळवारी बंद, संत सेबास्तियनचं रविवारी. म्हणजे ती दोन्ही त्या दिवशी उघडी होती आणि चालत जाण्याजोगी होती. पण आईला सिसिलियाच हवी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बस. तुम्ही जाणार असाल तर वार आधी स्वतः बघून घ्या, दुसऱ्यावर सोडू नका.

आत एकट्याने फिरता येत नाही. भाषेप्रमाणे गट करतात, आम्ही इंग्रजीच्या गटात गेलो. या जागेची देखरेख सेल्सियन फादर करतात, म्हणजे आपल्या माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेची मंडळी. हे कळल्यावर आई जरा सैलावली. तिला खरी धास्ती पायऱ्यांची होती. गुडघे दुखतात आणि खाली लिफ्ट नाही. मी पुढे आणि ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे, अशा एकेक पायरीने उतरलो. गाइड प्रत्येक वळणावर आमच्यासाठी थांबत होते. खाली चांगलाच गारवा असतो, मे महिन्यातही शाल लागली.

आणि मग त्या गल्ल्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींत खालपासून वरपर्यंत आडवे कोनाडे, फळ्यांच्या मांडणीसारखे. एकेका कोनाड्यात कापडात गुंडाळलेला देह ठेवायचा आणि तोंड संगमरवराच्या किंवा विटांच्या फळीने बंद करायचं. अशा गल्ल्या चार थरांत, मिळून सुमारे वीस किलोमीटर, आणि त्यात पाच लाखांच्या आसपास माणसं पुरली होती. इथला टफ हा ज्वालामुखीचा दगड खणताना मऊ लागतो आणि हवा लागली की घट्ट होतो, म्हणून एवढं खोदता आलं. मी लहानपणापासून ऐकत आले होते की छळाच्या काळात ख्रिस्ती लोक इथं लपून राहत. गाइडनी ते खोडून काढलं. शहराच्या तटाच्या आत कुणाला पुरायचं नाही असा रोमन कायदा होता. देह जाळायचा नाही, पुनरुत्थानाच्या आशेने मातीत ठेवायचा, ही ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. वर जागा कमी पडली तशी ती माणसं खाली खोदत गेली.

खाली तिसऱ्या शतकातल्या नऊ पोपना पुरलेली खोली आहे. काहींची नावं अजून ग्रीक अक्षरांत वाचता येतात. इथंच २५८ साली पोप दुसरे सिक्स्टस रक्तसाक्षी झाले, म्हणजे श्रद्धेसाठी मारले गेले. ही जागा विस्मरणात गेली होती. ती १८५४ मध्ये पुरातत्त्वज्ञ जोव्हानी बात्तिस्ता दे रोस्सी यांनी शोधून काढली. माझं मन मात्र भिंतींतल्या छोट्या कोनाड्यांवर खिळलं होतं. हातभर लांबीचे, आणि किती तरी. ते लहान मुलांचे. आईने त्यातल्या एकाच्या कडेवर तळहात नेला, पण टेकवला नाही. हात लावायची मनाई आहे. फोटोंचीही.

पोपच्या खोलीला लागूनच सिसिलियाची खोली. तिचे अवशेष ८२१ साली पोप पहिले पास्कल यांनी शहरातल्या त्रास्तेव्हेरे भागात तिच्या नावाच्या चर्चमध्ये नेले. इथं आता शिल्पकार स्तेफानो मादेर्नोने केलेल्या तिच्या पुतळ्याची प्रतिकृती आहे. मूळ पुतळा १६०० सालचा, त्रास्तेव्हेरेत. कुशीवर निजलेली मुलगी, तोंड जमिनीकडे वळलेलं, मानेवर तलवारीचा घाव. उजव्या हाताची तीन बोटं उघडी आणि डाव्या हाताचं एक: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांत एक देव, ही तिची मरतानाची शेवटची साक्ष. गाइडचं बोलणं मी आईच्या कानात मराठीत सांगत होते. बोटांपर्यंत आले आणि माझाच आवाज अडकला. आईने स्वतःच बोटं मोजली, तीन आणि एक.

गट पुढे निघाला. गाइडनी आम्हा दोघींना खुणेनेच थांबू दिलं. आईने शाल डोक्यावरून घेतली आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या कबरस्थानात मेणबत्त्या लावताना जी प्रार्थना म्हणतो तीच हळू आवाजात म्हटली. मग आमच्या गायकवृंदातल्या वारलेल्या पाच बायकांची नावं घेतली, एकेक करून.

वर चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागला. बाहेर उन्हात बाकावर बसून पाणी पिताना ती म्हणाली, "त्या त्रास्तेव्हेरेला कुठली बस जाते ते विचार."