चालायच्या वाटेचा कागद

आमची वाट जायला दोन हजार आठशे पावलं, यायला तेवढीच. हद्दवाढ भागातल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकातून निघायचं, तीन शेतांचे बांध धरून ओढ्यापर्यंत जायचं, ओढा ओलांडला की पाझर तलावाचा भराव लागतो. भरावाच्या टोकाला एक जुना कडुलिंब आहे. त्याला हात लावून परत फिरायचं. मे महिन्यात सोलापूरचं ऊन सात वाजताच डोळ्यावर येतं, त्यामुळे साडेपाचला निघणाऱ्यांचा आमचा घोळका. मला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं, आणि बारा वर्षांपूर्वी मी या वाटेला लागले.

माझं काम दस्त लिहिण्याचं. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर वडिलांचं टेबल होतं, त्याच टेबलावर मी ३१ वर्षं खरेदीखतं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं लिहिली. चतुःसीमा, गट नंबर, 'लिहून देणार', 'लिहून घेणार' हे शब्द माझ्या हाताला पाठ आहेत. आज लिहायला बसले त्याचं कारण माझ्या हाताने झालेली एक चूक. ती आधी सांगते, मग बाकीचं.

मधलं शेत आप्पांचं होतं. आम्ही पहिल्यांदा त्यांच्या बांधावरून जायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "चाला की ओ अक्का, वाट काय झिजतीय व्हय?" झालं. एवढाच आमचा करार. त्या भरवशावर आम्ही वर्गणी काढून मुरमाच्या चार ट्रॉल्या टाकल्या, पावसाळ्यात पाणी तुंबायचं तिथे सिमेंटचा पाइप घालून छोटी मोरी बांधली, दर दसऱ्याच्या आसपास वेडी बाभूळ तोडली. नऊ वर्षं कुणी कुणाला अडवलं नाही.

आप्पा गेले. पोरांनी वाटण्या केल्या आणि धाकट्याने आपला हिस्सा विकायला काढला. ओळखीची म्हणून खरेदीखत माझ्याकडेच आलं. मी नेहमीचं वाक्य लिहिलं: सदर मिळकत निर्वेध व बोजाविरहित असून तीमधून कोणाचाही जाण्यायेण्याचा हक्क नाही. लिहून वाचून दाखवलं, सह्या झाल्या. त्याच दिवशी पहाटे मी त्या मिळकतीतून चालून आले होते.

चार महिन्यांनी तिथे काटेरी तार आली. आम्ही नव्या मालकांना भेटलो. माणूस सरळ. त्यांनी खरेदीखत आतून आणलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. माझंच वाक्य. मला त्यांच्या बैठकीत बसवेना.

घरी येऊन भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ काढला. आमच्या धंद्यात त्याला सगळे इझमेंटचा कायदा म्हणतात; दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्यासारख्या हक्कांचा तो कायदा. आप्पांनी दिली ती कायद्याच्या भाषेत नुसती अनुज्ञप्ती, म्हणजे लायसन, कलम ५२ मधली. आणि कलम ५९ म्हणतं की अनुज्ञप्ती देणाऱ्याने जमीन दुसऱ्याला दिली, तर घेणारा त्या अनुज्ञप्तीने बांधला जात नाही. म्हणजे आप्पांचा शब्द आप्पांच्या सातबाऱ्याएवढाच टिकणार होता. आमच्यातल्या एका वकिलांनी कलम ६० दाखवलं: परवानगीवर विसंबून कुणी कायम स्वरूपाचं बांधकाम केलं आणि त्यावर खर्च केला, तर परवानगी काढून घेता येत नाही. मोरी आहेच की, ते म्हणाले. पण तो मुद्दा आप्पांसमोर चालला असता, पैसे मोजून जमीन घेतलेल्या तिसऱ्या माणसासमोर तो लढवत किती वर्षं कोर्टात बसायचं? आणि जिंकून तारेच्या अलीकडून पलीकडे जाताना रोज त्या घराकडे बघायचं कसं?

वीस वर्षांच्या वहिवाटीचं सगळ्यांच्या तोंडी असतं. कलम १५ प्रमाणे २० वर्षं उघडपणे, अखंड, हक्काने वापर असेल तर हक्क मिळतो. सरकारी जमीन असेल तर ३० वर्षं. आमची नऊच झालेली. त्यातही 'हक्काने' हा शब्द आहे, आणि आम्ही तर मागून, मेहरबानीने चालत होतो. शिवाय इझमेंट जमिनीला मिळतं, फिरायला येणाऱ्याला मिळत नाही. एक जमीन लागते जिच्या फायद्यासाठी वाट आहे आणि दुसरी लागते जिच्यावरून ती जाते. वाटेने येणाऱ्या दूध डेअरीजवळच्या मावशींची तिथे जमीन नाही, विडी वळायला जाण्याआधी चालून जाणाऱ्या दोघी बहिणींची नाही.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहतो. त्याने त्याच्याकडच्या वाटेचा फोटो पाठवला: मेंढ्यांच्या कुरणातून जाणारी पायवाट, लाकडी खांब, खांबावर पिवळा बाण. तिथे पायवाट म्हणजे कायद्याने सार्वजनिक रस्ताच. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम २५ प्रमाणे स्थानिक प्राधिकरण जमीनमालकाशी करार करून नवी पायवाट निर्माण करू शकतं, आणि कलम ३१ प्रमाणे लोक २० वर्षं बिनरोक चालले तर मालकाने ती वाट लोकांना दिली असं मानलं जातं. लोकांना, म्हणजे कुणालाही, शेजारी जमीन असो वा नसो. तो फोटो मी बराच वेळ बघत बसले.

अमेरिकेत त्यांनी बंद पडणाऱ्या रेल्वेमार्गांसाठी १९८३ मध्ये कायद्यात सोय केली. मार्ग मोडीत काढायचा नाही. तात्पुरता चालायला, सायकलला द्यायचा, रेल्वेला पुढे हवा असेल तर परत घेण्याची मुभा ठेवायची. पण जो ती वाट चालवायला घेईल त्याने देखभाल, कर आणि अपघाताची जबाबदारी लेखी अंगावर घ्यायची. हे वाचताना मला आमची बार्शी लाइट आठवली. १८९७ मध्ये सुरू झालेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी. लहानपणी कुर्डुवाडीहून मावशीकडे त्याच गाडीने जायचो. ती ब्रॉडगेज झाली याचा आनंदच आहे. पण जिथे कुठे रूळ उखडले जातात, तिथली सपाट, चढ नसलेली पट्टी चालणाऱ्यांच्या पायाला केवढी सोयीची असते! तिच्यावर टपऱ्या उभ्या राहण्याआधी कुणीतरी कागद करायला हवा.

मला बार्शीपर्यंत जायचं नव्हतं. मला फक्त तीन शेतं ओलांडायची होती.

भाडेपट्टा करावा असं पहिल्यांदा सुचलं. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि नोंदवलेला पट्टा नव्या मालकालाही सुटत नाही. पण शेतजमीन बिगरशेतकऱ्याला पट्ट्याने द्यायची म्हटली की कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. ते सोडलं. मग लक्षात आलं की सोसायटीची मोकळी जागा पहिल्या शेताला लागूनच आहे. फायदा होणारी जमीन आमच्याकडे होती! सोसायटीच्या त्या जागेच्या फायद्यासाठी, सोसायटीचे सभासद आणि सोसायटीच्या परवानगीने येणारे लोक यांच्यासाठी, पायी जाण्यायेण्याचा हक्क देणारा दस्त करायचा, तो नोंदवायचा, आणि त्यावरून फेरफार घालून सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद घ्यायची. उद्या कुणी ते शेत घ्यायला आलं तर सातबारा उघडताच त्याला वाट दिसेल.

नवे मालक लगेच तयार झाले नाहीत, आणि त्यांनी का व्हावं? चौदा महिने गेले. या काळात मी शिकले ते माझ्या धंद्यात कधी शिकले नव्हते, कारण खरेदीखतात दोघं एकदाच भेटतात आणि सुटतात. वाटेच्या करारात दोघांना रोज सकाळी भेटायचं असतं.

त्यांची पहिली हरकत फवारणीची. द्राक्षाला औषध मारतात त्या दिवशी माणसं नकोत. बरोबर होतं. लिहिलं: फवारणीच्या दिवशी व दुसऱ्या दिवशी वाट बंद, आदल्या संध्याकाळी फाटकावर लाल फडकं बांधायचं. दुसरी हरकत मोटारसायकलची. पायवाट दिली की वर्षात तिचा गाडीरस्ता होतो, ही प्रत्येक शेतकऱ्याची भीती, आणि ती खरी आहे. म्हणून रुंदी पाच फूट, आणि ती बांधाच्या मध्यापासून मोजायची असं लिहिलं. 'अंदाजे' हा शब्द कुठेही ठेवला नाही. दोन्ही टोकांना माणूस जाईल पण चाक जाणार नाही असे आडवेतिडवे दगडी खांब. तिसरी हरकत विहिरीची. जुनी विहीर वाटेपासून चाळीस फुटांवर, कठडा ढासळलेला. कुणी पडलं तर पोलीस माझ्या दारात येणार, ते म्हणाले. कठडा सोसायटीने बांधायचा ठरलं, आणि वाटही तिच्यापासून दूर, पलीकडच्या बांधाला सरकवली. आम्हाला तीनशे पावलं जास्त पडली. चालायलाच तर येतो.

बाभळीच्या शेंगा कुणाच्या, बांधावरच्या सीताफळाची फळं कुणाची, हेही लिहिलं. एक सभासद म्हणाले, इतकं बारीक कशाला? मी ३१ वर्षं भांडणं बघितली आहेत. जमिनीवरून सख्खे भाऊ जेवढे भांडत नाहीत तेवढे बांधावरच्या झाडावरून भांडतात.

भरावाचा कागद वेगळा. तो सरकारी खात्याचा. बाहत्तरच्या दुष्काळानंतर जिल्हाभर असे पाझर तलाव झाले, त्यातला हा एक. खातं हक्क देत नाही, दरवर्षी ना-हरकत देतं, आणि ना-हरकत म्हणजे करार नव्हे हे आमच्या लोकांना समजावणं सगळ्यांत जड गेलं. आम्हाला भरावावर दोन्ही बाजूंनी झाडं लावायची होती, रोपंसुद्धा आणून ठेवलेली. शाखा अभियंत्यांनी आम्हाला उतारावर नेऊन दाखवलं: मातीच्या भरावात झाडाची मुळं जातात, झाड वाळलं की मूळ कुजतं, आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. आज पाझर, उद्या भगदाड. त्यांनी ते शांतपणे सांगितलं आणि आमची हौस तिथेच थांबली. ती रोपं सोसायटीच्या मोकळ्या जागेत लावली. भरावावर झाड नाही, खड्डा नाही, बाकडं नाही, ही अट आम्ही आपणहून अर्जात लिहितो.

मध्ये एका कंपनीने सगळ्या वाटेवर पेव्हर ब्लॉक घालून द्यायची तयारी दाखवली. कमान, पाट्या, उद्घाटन. मसुदा आला, मी वाचला. बांधणीवर सव्वा पान होतं आणि देखभालीवर एक ओळ: 'पुढील देखभाल स्थानिक नागरिक करतील.' कुठल्या पैशांतून, किती दिवसांनी, ब्लॉक उचकटले तर कोण, काही नाही. मी नको म्हटलं. काही लोक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण मुरुमाची वाट गुडघ्याला बरी असते, आणि दरवर्षी एक ट्रॉली टाकली की ती परत उभी राहते. ती एक ट्रॉली कोण टाकणार ते आमच्या दस्तात महिन्यासकट लिहिलेलं आहे: सोसायटी, ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडल्यावर.

या सगळ्या काळात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली. नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात ते मी दरवर्षी बघते, पण या वेळी वेगळ्या नजरेने बघितलं. बाराबंदी घातलेली माणसं सात काठ्या पेलत, सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करत जातात. गाव केवढं वाढलं, मिळकती किती हातांतून गेल्या, पण तो मार्ग मोडला नाही. मी आजवर लिहिलेल्या एकाही खरेदीखतात त्याचा उल्लेख नाही. बघता बघता जाणवलं की तिथे सगळं ठरलेलं आहे: कुठली काठी कुणाची, मान कुणाचा, थांबा कुठे, आधी कोण, मागे कोण. आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या प्रतीकात्मक लग्नात अक्षता पडण्याआधी संमती कट्ट्यावर संमती मोठ्याने वाचली जाते, हजारो माणसांसमोर.

ते डोक्यात घेऊन मी घरी आले. दस्त निबंधकांकडे नेण्याआधी एका रविवारी आम्ही तो कडुलिंबाखाली वाचला. मालक, त्यांची आई, सोसायटीची माणसं, विडीवाल्या दोघी बहिणी, शेजारच्या शेतातले गडी. मीच वाचला, एकेक कलम थांबून. विहिरीच्या कलमाला मालकांच्या आईने हात वर केला आणि म्हणाल्या, "कठड्यावर रहाट पण बसवा, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी प्यायला हुतंय." ते हाताने लिहून घेतलं, मग टाइप केलं. वाद झाला तर आधी कोर्टात न जाता याच झाडाखाली पंधरा दिवसांत बसायचं, हे कलमही त्याच दिवशी मालकांनी सुचवलं.

नोंदणी झाली. फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्याचा उतारा हातात आला तेव्हा 'इतर हक्क' रकान्यातली ती दीड ओळ मी चष्मा पुसून दोनदा वाचली.

पहिल्या शेताचा दस्त त्यानंतर दोन महिन्यांत झाला, त्याच मसुद्यावर. तिसऱ्या शेताचे मालक हैदराबादला असतात. तिथे आम्ही अजून तोंडी शब्दावर चालतो, आणि त्या बांधावर पाऊल टाकताना मला रोज आप्पा आठवतात. परवा त्यांचा फोन आला, दिवाळीला गावी येतो म्हणाले. मसुदा टेबलाच्या खणात आहे. रुंदी, चतुःसीमा, साक्षीदार सगळं भरून झालंय. तारखेची जागा तेवढी मोकळी आहे.