जुनी गाडी घेऊन घाट चढायचाय? आधी क्रँकची तेलाची भोकं तपासा

जुन्या गाड्यांच्या ताफ्याबरोबर निघालो होतो. सपाटीवरचे दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते घाटाबद्दल. तिथे बिग एंडचं बेरिंग गेलं, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या दांड्याला) जिथे जोडतात तिथलं, आणि दोष घाटाचा नव्हता.

निघण्याआधीच इंजिनाचं काम करून घेतलं होतं. मेकॅनिकने बेरिंगांत नवं व्हाइट मेटल (अस्तराचा मऊ मिश्रधातू) ओतलं, पैसे भरपूर घेतले, आणि वर सल्ला फुकट दिला: "जुनी गाडी आहे, टॉप गिअरमध्ये टाका आणि रेस न देता आरामात ओढू द्या." हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. क्रँक आणि बेरिंग यांच्यामधला तेलाचा थर क्रँकच्या फिरण्यानेच टिकतो. फेरे कमी आणि भार जास्त झाला, की तो तुटतो आणि धातूला धातू घासतो. चढाला गिअर उतरवा. इंजिन ओरडलं तरी चालेल, कण्हायला नको.

मला टॉपमध्ये ओढायची वेळच आली नाही. सगळा चढ दुसऱ्या गिअरवर होतो, ऑइल प्रेशरचा काटा जागचा हलला नव्हता, आणि तरीही अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की खालून खडखड. हे मला सगळ्यात खटकलं. एकेक सिलिंडरच्या स्पार्क प्लगची वायर काढून पाहिली; ज्याची काढल्यावर आवाज दबतो, दोष तिथला. तिसऱ्याची काढल्यावर आवाज दबला. तिथेच इंजिन बंद केलं.

सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवला तर तळाच्या तेलात चंदेरी कपचे. तिसऱ्या रॉडची कॅप काढली: व्हाइट मेटल पसरून कडेला ओघळलेलं. हा मिश्रधातू म्हणजे मुख्यतः कथील, थोडं अँटिमनी आणि तांबं; साधारण 240 अंश सेल्सिअसला वितळायला लागतो. क्रँकपिनच्या (क्रँकचा रॉड बसतो तो भाग) तेलाच्या भोकात तार घातली, तर काळा, घट्ट गोळा बाहेर आला. काटा का हलला नाही ते तेव्हा कळलं. तो मुख्य नळीतला दाब दाखवतो. पुढे एखादं भोक बुजलं तर त्याला पत्ताही नसतो.

जुन्या साध्या तेलावर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात गाळ साचतो. फिरता क्रँक तो आपल्याच पोकळ्यांत बाहेरच्या बाजूला फेकून दाबून बसवतो. मग कोणीतरी डिटर्जंटचं आधुनिक तेल भरतं, गाळ सुटतो आणि नेमका अरुंद जागी अडकतो. क्रँकच्या पोकळ्यांची बुचं काढून आतून साफ न करता नवं बेरिंग घालणं म्हणजे अर्धं काम, पैसे मात्र पूर्ण. काम देताना भोकांतून आरपार तार गेलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा. क्रँक आणि बेरिंगमधली फटही मोजायला लावा: 2 इंची जर्नलला (बेरिंगात फिरणाऱ्या भागाला) साधारण 2 थाऊ, म्हणजे इंचाचे 2 हजारांश. "हाताने फिरतंय, ठीक आहे" हे माप नव्हे.

ताफ्यात एक फोर्ड मॉडेल टी होती. तिच्यात तेलाचा पंपच नाही, सगळं उडणाऱ्या तेलावर. लांब चढाला तेल मागे जमतं आणि पुढचं बेरिंग कोरडं पडतं. मालकाने पुढच्या बाजूला तेल नेणारी जादा नळी बसवली होती. ती गाडी माथ्यावर आमची वाट बघत उभी होती. राग आला, खरं सांगतो.

ठोका सुरू झाल्यावर "हळूहळू घरापर्यंत जाऊ" म्हणणारे भेटतील. टो करा. व्हाइट मेटल मऊ असतं ते क्रँक वाचावा म्हणून. ते संपलं की क्रँक कोरला जातो, आणि रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. टोची दोरी जाडच घ्या, आमची दुसऱ्या वळणावर तुटली.