भारती केंद्रावर सामान उतरवताना

भारती हे भारताचं अंटार्क्टिकातलं संशोधन केंद्र. तिथे बंदर नाही, हे आधीच मनात पक्कं करा. धक्का नाही, गोदी नाही, किनाऱ्यावर क्रेन लावून वाट बघणारं कुणी नाही. ६९ अंश दक्षिणेला, लार्समन टेकड्यांच्या उघड्या खडकावर, थाला फियॉर्ड आणि क्विल्टी उपसागर यांच्या मधे हे केंद्र २०१२पासून उभं आहे. इमारतच १३४ कंटेनर जोडून केलेली आहे. म्हणजे तिच्या भिंतीसुद्धा एकदा आपल्यासारख्याच जहाजातून उतरल्या.

केपटाऊन सोडल्यावर अकराव्या दिवशी आमचं जहाज किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फात शिरलं. मागे हटायचं, वेग घ्यायचा, धडक द्यायची, असं रात्रभर चाललं. सकाळी ते पुढे सरकेनासं झालं आणि थांबलं तेच आमचं बंदर. केंद्र समोर दिसत होतं, तरी चालत जायला मनाई. काठाशी भरती-ओहोटीबरोबर बर्फ वरखाली होतो आणि तिथे भेगा पडतात. वरून भुरभुरीत बर्फ पसरला की त्या दिसतही नाहीत. उन्हाळा पुढे सरकून बर्फ फुटला की बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू होडी, चालतो. तोवर भरवसा हेलिकॉप्टरवरच.

हेलिकॉप्टरचं वेळापत्रक वारा ठरवतो. आतल्या उंच हिमपठारावरची थंड, जड हवा उतारावरून समुद्राकडे घसरत येते. तिचा जोर बहुधा रात्री आणि सकाळी असतो, दुपारी ओसरतो. त्यामुळे आमचे दोन दिवस सकाळी सातला तयार होऊन दुपारपर्यंत जेवणघरात बसण्यात गेले आणि वारा पडल्यावर मात्र मध्यरात्रीपर्यंत फेऱ्या चालल्या. सूर्य मावळत नाही, म्हणून कामही थांबत नाही. झोप मिळेल तेव्हा घ्या, बूट हाताशी ठेवून.

टांगून न्यायच्या सामानाबद्दल माझा समज उलटा निघाला. मला वाटायचं, हलकी पेटी सोपी. प्रत्यक्षात जड, आटोपशीर पेटी दोराला शांत लटकते. मोठी आणि हलकी पेटी वाऱ्यात गरगरते आणि वैमानिकाला ती नको असते. फोमने भरलेली भली मोठी पेटी नेण्यापेक्षा दोन लहान, घट्ट पेट्या करा. वजन खरं लिहा, अंदाजाने नव्हे, आणि चारही बाजूंवर लिहा. बर्फात उभा असलेला माणूस पेटी फिरवून बघत बसत नाही.

माझी चूक सांगतो. उपकरणांची पेटी मी अगदी पहिल्यांदा, वेळेच्या आधी जमा केली आणि खूश झालो. जहाजात जे आधी जातं ते तळाशी बसतं. पेटी हातात पडली ती नवव्या दिवशी, तोवर माझा अर्धा हंगाम संपला होता. पहिल्या आठवड्यात काय लागणार, ते गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्रात, माल लावणाऱ्यांना आधीच लेखी कळवा. बॅटऱ्या, सुटे फ्यूज आणि एक जास्तीची केबल स्वतःच्या सॅकमध्ये ठेवा. लिथियम बॅटऱ्यांचं आधी विचारून घ्या.

भरताना थर्माकोलचे दाणे वापरू नका. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण रक्षणासाठीच्या माद्रिद करारानुसार ते तिथे नेता येत नाहीत. कीटकनाशकं आणि निर्जंतुक न केलेली मातीही नाही. बुटांचे तळवे, सॅकचे कप्पे, जॅकेटचे वेल्क्रो घासून काढा. माझ्या वेल्क्रोत गवताच्या बिया निघाल्या होत्या, त्याही जहाजावर चढल्यानंतर.

मैत्री या अंटार्क्टिकातल्या दुसऱ्या भारतीय केंद्राला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे माल समुद्रावर पसरलेल्या हिमपट्ट्याच्या कडेला उतरतो आणि पुढे सुमारे शंभर किलोमीटर पिस्टेनबुली, म्हणजे बर्फावर चालणारं पट्ट्यांचं वाहन, तो स्लेजवरून ओढत नेतं. त्यांनी पेट्या धक्के खातील असं धरूनच भराव्यात. जाण्याआधीची एम्समधली वैद्यकीय तपासणी आणि औलीचं बर्फातलं प्रशिक्षण यांची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून इथे लिहीत नाही.

परतीचा माल कुणी हिशेबात धरत नाही, पण कचराही याच जहाजातून परत जातो. शेवटच्या दिवसांत त्याचे ड्रम आणि आपले नमुने एकाच फेरीसाठी रांगेत असतात. गोठवलेले नमुने असतील तर त्यांची फेरी आल्या दिवशीच नोंदवा आणि जहाजावरच्या फ्रीझरमध्ये किती जागा आहे, ते स्वतः उघडून बघा. मी विचारलं तेव्हा त्यात स्वयंपाकघराचे मटार होते.