तेल बदलायला हवं होतं

गाडी सिग्नलला थांबली की थरथरायची, कधी बंदच पडायची. स्कॅनर लावला, कोड आला पी ००११. म्हणजे इनटेक कॅमशाफ्ट, इंजिनात हवा घेणाऱ्या झडपा उघडणारा दांडा, ठरल्या वेळेच्या पुढे सरकून तिथेच अडकतोय. हा कोड दिसला की आमच्या धंद्यात बहुतेक जण डोळे झाकून व्हीव्हीटी सोलेनॉइड, म्हणजे झडपांची वेळ बदलण्यासाठी तेल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, बदलतात. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे, हे कितीदा सांगावं!

मी आधी मोजलं. कॉइलचा रेझिस्टन्स साडेसात ओहम, ठणठणीत. कनेक्टर, वायरिंग नीट. मग दहाचा बोल्ट काढून सोलेनॉइड हलके फिरवत बाहेर घेतला. बॅटरीवरून क्षणभर करंट दिला, तर आतला सरकता दांडा, स्पूल, अर्ध्यावर गेला आणि तिथेच राहिला. परत येईना. जाळीवर काळा चिकट थर. डिपस्टिकवरचं तेलही तसंच, बोटांत चोळलं तर कचकचत होतं.

मालकांना म्हटलं, "साहेब, तेल आणि फिल्टर आत्ताच बदलू." ते म्हणाले, "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू." मी जोर धरला नाही. ओ-रिंगला तेल लावून नवा सोलेनॉइड बसवला, ॲल्युमिनियमचे आटे जाऊ नयेत म्हणून बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळला, कोड पुसला. गाडी अशी मऊ चालली की मलाच समाधान वाटलं.

तीन आठवड्यांत तीच गाडी, तोच कोड.

सोलेनॉइड स्वतः काही कॅमशाफ्टला पुढेमागे करत नाही. तो फक्त तेलाची वाट उघडतो; फेझरला, म्हणजे कॅमशाफ्ट पुढेमागे करणाऱ्या भागाला, ढकलतो तो तेलाचा दाब. तेलातच गाळ असेल तर नवा स्पूलही अडकणारच. या वेळी ऑइल सोडलं तर डांबरासारखी धार पडली. फिल्टर बदलला, थोडे किलोमीटर चालवून तेल पुन्हा बदललं. तोच सोलेनॉइड धुऊन परत लावला. कोड आला नाही.

संध्याकाळी पहिला, काढून ठेवलेला सोलेनॉइड क्लीनरमध्ये भिजवला, पुसला, करंट दिला. टक्. स्पूल पूर्ण गेला, स्प्रिंगने पूर्ण परत आला. दहा वेळा दिला, दहाही वेळा.

दुसऱ्या वेळची मजुरी मी घेतली नाही. पहिल्या वेळी बसवलेल्या नव्या सोलेनॉइडचे पैसे परत द्यायचे का, हे अजून ठरत नाही.